न्यू शिरीन, पडद्यामागे

न्यू शिरीनच्या दाराला अजून तीच पितळी कडी,
कोणीतरी रोज घासतं म्हणे.
शुक्रवारी पिक्चर बदलतो, रविवारी सकाळी कार्यक्रम:
कधी डबलबारी, कधी नमन,
कधी एखाद्या शाळेचं गॅदरिंग आणि भरून आलेले आईबाप.
आज शक्ती-तुऱ्याचा सामना होता,
बाल्कनीतून शिट्ट्या, पुढच्या रांगेत
बिल्ले लावलेली कमिटी, घाम पुसत.

मी त्यासाठी आले नव्हते.
खोटं कशाला बोलू, त्यासाठीही आले होते.

चंद्रभागामावशीला ऐकू यायचं नाही.
साचेखात्यात एकोणीस वर्षं काढल्यावर
कानांनी आपला हिशेब आधीच मिटवून घेतला,
फंडाचे पैसे मागाहून आले.
पण पिक्चर सोडायची नाही. ओठ वाचायची.
बाबा, पापा, मामा मात्र तिला सारखेच दिसत.
त्यामुळे तिने सांगितलेल्या गोष्टीत
नायिकेला सगळे मामाच.
एकदा मामानेच कन्यादान केलं
आणि मामाच खुनी निघाला.
आम्ही पोरं आ वासून ऐकायचो.

त्या दिवाळीत हाऊसफुल्लचा बोर्ड लागला.
मावशी बोर्डासमोरून हलेना.
दस्तगीर टॉर्चवाला, त्याचा भाऊ तिच्याच खात्यात,
इकडेतिकडे बघून म्हणाला, मौसी, चलो.
मुतारीकडच्या बोळातून, वाकून, एका बुटक्या दारातून
आम्ही पडद्यामागे पोचलो.
रात्रीच्या नमनाचं सामान तिथे टेकवलेलं:
गणपतीची सोंड खुंटीला,
संकासुराची उंच टोपी,
रावणाची नऊ डोकी. दहावं घरून यायचं होतं.

आणि डोक्यावर पिक्चर, पाठीकडून.
पडद्याला बारीक भोकं,
चाळल्यासारखा उजेड आमच्या अंगावर.
नायिका डावखुरी, नायकाचा भांग भलतीकडे,
मोटारी चुकीच्या बाजूने पळत होत्या.
नावं आली तर मला एक अक्षर लागेना,
वाचनात वर्गात पहिली आलेली मी.
मावशीला सगळं कळत होतं.
"ओठांना डावं-उजवं नसतं गं," म्हणाली,
जरा मोठ्यानेच.
स्वतःचा आवाज तिला कुठे माहीत होता.

तिथेच आवाजाची पेटी होती,
लाकडी, कपाटाएवढी.
मी हात ठेवले कानांवर.
तिने पेटीवर.
गाणं लागलं तशी तिची बोटं पसरत गेली,
भाकरी थापताना पसरतात तशी.
मग तिने चप्पल काढली. आधी एक,
बऱ्याच वेळाने दुसरी.
मध्यंतरात दस्तगीर चहा घेऊन आला,
पेटी गप्प होती,
तरी तिने तळवा उचलला नाही.
कप डाव्या हाताने घेतला.

पुढे ती बाल्कनीचं तिकीट काढायची
आणि पडद्यामागे जाऊन बसायची.
तिकीट कशाला, दस्तगीर हाताने विचारायचा.
"फुकट ऐकू नये," ती म्हणायची.

सामना सुटला. कोण जिंकलं
यावर जिन्यात अजून वाद चालू आहे.
पडदा घरघरत खाली आला, आता मोटरवर येतो.
शाहिरांना भेटायचं निमित्त काढून मी मागे गेले.
पेटी नाही.
दोन काळे स्पीकर उंच टांगलेले, हात पोचत नाही.
कोपऱ्यात मंडळाची पोरं वडापाव खात बसलेली.
तीनच्या खेळाआधी वरचा माणूस
पडद्यावर काहीतरी लावून बघत होता:
साबणाची जाहिरात, उलटी अक्षरं,
चिखलाने माखलेलं एक पोरगं धावत आलं.
आवाज अजून सुरू केला नव्हता.
ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले.
मामा म्हणालं ते.
किंवा बाबा.

मी बघतच राहिले, चपला हातात घेऊन.
वडापाव खाणाऱ्यातला एक काहीतरी बोलला.
तोंड भरलेलं होतं त्याचं, शब्द फुटत नव्हते,
पण कळलं:
काय शोधताय, मावशी?