पडद्याला भोक

नागझरीच्या बाईसाहेब वाळकेश्वरी उतरल्या
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, ठाकूरद्वारचा,
इंग्रजी येतं एवढ्याच गुणावर
दुभाष्या म्हणून ठेवलेला.
दरबार देई आठ रुपये. मिशन बारा.
दोघांनाही दुसऱ्याचा आकडा ठाऊक नव्हता.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवा आधीच गेलेला.
पाद्री डॉक्टर मॅक्रे; गडी त्यांना मकरे म्हणत,
जणू वसईकडचे कुणी.
कारभारी खासनिसांनी अटी वाचल्या:
डोळा पाहावा, चेहरा पाहू नये.
औषध द्यावे, उपदेश देऊ नये.
मोबदला, नागझरीत विहिरीजवळ
शाळेपुरती जागा.

मग किनखापी पडद्याला
शिंप्याने कात्री लावली.
रुपयाएवढं भोक.
त्यात एक डोळा आला,
दुधाचा थेंब साकळावा तसा,
आणि मला, का कोण जाणे,
परक्याच्या देवघरात पाय पडल्यासारखं झालं.

सुई धरण्याआधी साहेब बराच वेळ बोलले.
प्रकाश, प्रभू, अंधारात बसलेले लोक...
मी म्हणालो, "डोळा हलवू नका म्हणतात."

पुढे पट्टीचे दिवस. रोज सकाळी
बाणगंगेवर पिंडाला कावळे जमत
आणि साहेब काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडत.
अख्खी गोष्ट सांगत, हातवारे करून, पडद्याला.
मी सांगे, "विश्रांती घ्या म्हणतात."
"आंबट खाऊ नका म्हणतात."
बारा रुपयांचा धर्म नि आठ रुपयांचं मीठ
माझ्या जिभेवर एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

नवव्या दिवशी आतून आवाज आला:
"पोरा, त्यांचं बोलणं आरतीएवढं,
तुझं तीर्थाएवढं.
मधलं सगळं तू गिळतोस का?"

खासनीस पानाला चुना लावत होते. बोट थांबलं.
मी घाम पुसला आणि सांगितलं, जसंच्या तसं:
एक जन्मांध, वाटेवर बसलेला.
त्यांचा देव जमिनीवर थुंकला, चिखल कालवला,
त्याच्या डोळ्यांना लावला,
म्हणाला, तळ्यावर जाऊन धू.

आत शांतता. मग हसू, खोकला लागेपर्यंत.
"थुंकी आणि माती! अगं कृष्णे, ऐकलंस?
आमच्या राजवैद्यानं तेच केलं,
म्हणून तर उजवा गेला.
साहेबांना विचार, त्यांच्या देवाचा हात
इतका हलका कसा?"

हे मात्र मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत नेलं.
साहेब हसले नाहीत. पुस्तक मिटून
कितीतरी वेळ समुद्राकडे बघत बसले.

पट्टी सुटली. भोकातला डोळा आधी माझ्यावर आला.
"मिशी तरी येऊ द्यायची होतीस," म्हणाल्या.

मग सनद. एक प्रत मराठी, एक इंग्रजी,
दोन्ही माझ्याच हातच्या.
खासनीस म्हणाले, शाळेवर घंटा टांगू नये.
साहेब म्हणाले, घंटेशिवाय शाळा कसली?
समईतलं तेल संपत आलेलं,
दोघंही भले, दोघंही दमलेले.
मी मराठीत लिहिलं: घंटा नसावी.
इंग्रजीत ती ओळ आलीच नाही.

तीस वर्षं झाली.
नव्या पाद्र्याबरोबर घंटा चढते,
नव्या कारभाऱ्याबरोबर उतरते,
आणि तंट्याचे कागद मुंबईला,
सेक्रेटरीच्या कचेरीत,
तपासायला माझ्याच मेजावर येतात.
मी चष्मा पुसतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवतो.
शेरा मारतो:
भाषांतर बरोबर आहे.