काचेची पट्टी

पूर्वेच्या भिंतीला बोटभर फट.
बोटभर म्हणजे माझी करंगळी;
अहवालात मी अकरा मिलिमीटर लिहिलं.

वाघोलीच्या या खाणीत
साडेआठलाच दगड तापतो.
नव्वद फूट खाली हिरवं पाणी,
त्याच्या कडेने डंपर चढतो
गाभण म्हशीसारखा, पाय जपत.

तिम्मा विटकर, मुकादम, म्हणाला,
"म्याडम, ही फट माझ्या लग्नाआधीची हाय."
मालक भाडळे काही बोलला नाही.
खडीची पावती तेवढी पुढे केली:
खराडीच्या कुठल्याशा टॉवरचा
चौदावा स्लॅब, उद्या.

माझ्या पिशवीत दोन कागद.
एकावर 'तात्काळ बंद',
सही सोडून सगळं छापलेलं.
दुसरा कोरा.

गेल्या साली मोशीला
पहिला कागद चिकटवून आले होते.
तीन आठवडे क्रशर गप्प.
मग कळलं, माणसं रात्री उतरत होती
बॅटरीच्या उजेडात,
हेल्मेट न घालता,
कारण हेल्मेट लांबून चमकतं.
एकाचा पाय गेला, गुडघ्यातून.
तो माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना.
खाण तर बंद होती.

नागव्वा हातोडा खाली न ठेवता म्हणाली,
"चालू का बंद, येवढंच सांग बाई.
पीठ किती मळायचं ते कळंल."

ऑफिसात सुरक्षा सप्ताहाचं प्रशस्तिपत्र होतं, फ्रेम केलेलं.
मी त्याची काच मागितली.
तिम्माने छिन्नीच्या टोकाने
एक पट्टी अशी काढली
की कडेला केससुद्धा उडाला नाही.
फटीच्या दोन्ही काठांवर प्लॅस्टर,
मधे काच.
भिंत सरकली तर आधी ती तुटेल.

कोऱ्या कागदावर मी लिहिलं:
पूर्वेला साठ फुटांच्या आत कुणी नाही.
पश्चिमेचं काम चालू.
रोज आधी काच बघायची, मग सुरुंग.
तडकलेली दिसली तर
मला विचारायचं नाही, मालकाला नाही,
सगळ्यांनी वर यायचं.
आणि पूर्वेच्या अकरा जणांची हजेरी धरायची.
हे शेवटचं लिहायचा मला अधिकार नव्हता.
भाडळेने ते दोनदा वाचलं.
सही केली, तारीख चुकवून.

तेव्हापासून सकाळी सात वाजून दहाला फोन.
"काच हाय."
ठेवला.

एकोणिसाव्या दिवशी आला नाही.
सव्वासात. साडेसात.
मी लावला, कुणी उचलेना.
गॅसवर दूध तसंच,
पायात एक चप्पल माझी, एक मुलीची,
धानोरीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर
वाजला.
"काच हाय, म्याडम. चष्मा घरी इसरलो."

मग बघितली कुणी?

"नागव्वानं.
बोट फिरवून."