सभासद साखर

पेटी मागच्या बाजूनं दोन बोटांनी उचलायची.
वजन कळतं.
कोंडिबा झोऱ्यानं हे शिकवलं तेव्हा मला हसू आलं होतं.
एकतीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये
उसाच्या रसाचा ब्रिक्स दशांशात मोजला मी,
आणि हा म्हणतो, दोन बोटं.

आज सातातल्या चार पेट्या
रिकाम्या काडेपेटीसारख्या उचलल्या गेल्या.

आषाढाचे आठ दिवस उरलेत.
आजऱ्याच्या वरच्या अंगाला ढग खाली उतरून
फणसाच्या बुंध्याला टेकून बसलाय.
जांभळीचा फुलोरा कधीच झडला, हिरडा आटोपला,
कारवीला अजून तीन वर्षं आहेत.
हिरवं इतकं की डोळे दुखावेत
आणि त्यात एका माशीपुरता घास नाही.
रविवारी गाड्या थांबवून लोक फोटो काढतात.
म्हणतात, नशीबवान आहात हो तुम्ही.

साखर सभासदाची, शेअरवर मिळालेली.
मार्चपासून डब्यात तशीच आहे.
शालनला डॉक्टरांनी बंद केली,
मग मीही सोडली,
कारण एकट्यानं गोड चहा पिताना
बशी जरा जास्तच वाजते.

एक किलोला एक लिटर.
पाणी उकळून खाली उतरवायचं, मग साखर.
गूळ घालायचा नाही, पोट बिघडतं त्यांचं.
(हे कोल्हापुरात मोठ्यानं बोलायची सोय नाही.)
शालन ढवळते. विचारते, एकतारी का?
मी म्हणतो, पाक नको गं, गोड पाणी हवं.
ती पळी नाकाजवळ नेते,
क्षणभर तिथंच धरते,
आणि नळाखाली धुऊन टाकते.

आता तेही सांगतो.
वैशाखात कोंडिबा बजावून गेला होता,
वरचं घे, खालच्या खणाला हात लावू नको,
ते त्यांच्या पावसाळ्याचं आहे.
पण राजारामपुरीतून फोन आला,
अजून दोन बाटल्या मिळतील का?
मिळाल्या.
बाटलीला सहाशे.

त्या दोन बाटल्या मी आता
करवंटी करवंटीनं परत करतोय.
मधाची फेड साखरेनं.
असा नमुना लॅबमध्ये माझ्या टेबलावर आला असता
तर मीच नापास केला असता.

दिवेलागणीला जायचं, उजेडी नाही.
दिवसा वास सुटला की
शेजारच्या पेटीतल्या लुटायला येतात,
सातेरी असली म्हणून काय झालं,
भूक भूकच.
दार गवताच्या बुचानं एका माशीएवढं करायचं.
करवंटीत वाळल्या काड्या तरंगत सोडायच्या
म्हणजे पिताना बुडत नाहीत.
थेंब सांडला तर बाहीनं पुसायचा.
पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का बघायचं,
मुंग्या याच हंगामाची वाट बघत असतात.

पहिली. दुसरी. तिसरीत गुणगुण बारीक, पण आहे.
चौथीचं झाकण काढलं
तर पोळी तशीच टांगलेली,
कोरडी, हलकी,
एका कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी,
आणि कुणी नाही.
मेलेली एकही नाही.
कोंडिबा म्हणायचा, ह्या भांडत नाहीत पावणं,
एका सकाळी नसतात, एवढंच.

करवंटी हातात तशीच.
ठेवावी, की न ठेवावी?
ठेवली. मग उचलली.
मुंग्यांचं भलं कशाला.

घरी आलो तर शालन पायरीवर.
प्यायल्या का?
मी म्हटलं, उद्या कळेल.
चौथीचं सांगितलं नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरात
रोजच्या चौकोनात तिच्या शुगरचा आकडा असतो,
उपाशीपोटीचा.
त्याच्याखाली, पेन्सिलीनं,
दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं,
पेटी एक, कोरडी. दोन, कोरडी.
तीन, निम्मी.
सात, काडीलासुद्धा थेंब नाही.
तिनं चष्मा लावून वाचलं,
आणि चारचं नाव कुठं नाही
हे तिच्या लक्षात आलं असावं,
कारण डबा खाली काढून
न विचारता तिनं
आणखी एक किलो मोजली.