पस की लेपर्ड

प्रज्वला नाखवा आली तेव्हा मी हरभरे सोलत होतो.
चेंदणीहून चालत, कोपरीच्या या दुसऱ्या मजल्यावर;
तिला कुणीतरी सांगितलं होतं,
वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेला एक ड्राफ्ट्समन
जुन्या फोटोंतली विमानं ओळखतो
आणि वर चहाही पाजतो.

फोटो पोस्टकार्डाएवढा, एक कोपरा वाळवीने नेलेला.
मिठागर. मागे मिठाच्या राशी.
मधे विमान, शेपूट चौकटीबाहेर,
अंगावर व्ही आणि टी, पुढची अक्षरं
एका बाईच्या पाठीमागे गेलेली.
लुगडं गुडघ्यापर्यंत, पोटऱ्यांवर सुकलेला चिखल,
पंखाच्या दांडीवर हात,
नांगरलेल्या होडीच्या काठावर ठेवावा तसा.

"आजोबांची बहीण. हौसा.
एकतीसच्या पावसात तापाने गेली.
विमान कुठलं, तेवढं सांगा.
बाबांना हवंय, नव्वदीत आहेत."

तेवढं.
माझ्याकडे येणारे सगळे तेवढंच विचारतात.

भिंग काढलं, पंख्याचं बटण बंद केलं.
पंख वर, एकच जोडी. इंजिन उलटं टांगलेलं, नाक लांबोळकं.
इथवर दोघी बहिणी सारख्याच,
पस मॉथ आणि लेपर्ड मॉथ.
थोरलीचा पंख फूटपट्टीसारखा, सगळीकडे एकाच रुंदीचा.
धाकटीचा टोकाकडे निमुळता.
पण फोटोवर विसंबू नये.
लांब जाणारं सगळंच निमुळतं होतं,
रूळ, रस्ते, माणसं.

म्हणून जवळचा पंख पाहिला, कॅमेऱ्याकडे येणारा.
तो येता येता रुंदावायला हवा होता.
तोही निमुळता.
मग खिडकी. काचेवर उजेड, तरीही आत
मागच्या बाजूला दोन खुर्च्यांच्या पाठी,
अगदी शेजारी शेजारी,
लग्नात मांडतात तशा.

चहा उतू गेला.
लेपर्ड मॉथ. तेहेतीस सालाच्या आधी
हे विमान कुठल्याच आकाशात नव्हतं.

चाळीस वर्षं मी बुशिंगांचे आराखडे काढले,
केसभर चुकलं तर साहेब लाल शाईने गोल करायचे.
कुणाच्या घरात दोन वर्षांची चूक सापडली
तर ती कुठल्या शाईने दाखवायची?
पस म्हणालो असतो तर चालून गेलं असतं.
म्हातारा समाधानाने झोपला असता,
ती हरभरे न खाताच निघाली असती,
आणि जगात एकूण दोन माणसांना फरक कळला असता,
त्यातला एक मी.

सांगितलं.

तिने बोटांवर मोजलं. दोनच बोटं लागली.
"पण आजोबा सांगायचे,
सगळं घर खाडीवर गेलं होतं.
तिच्या नावाने आंघोळ केली सगळ्यांनी."
आणि थांबली,
आपलंच वाक्य पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
लागत नव्हती.

"किती जण बसतात यात?"
तीन. चालवणारा पुढे एकटा, मागे दोघं.

तिने भिंग माझ्या हातातून घेतलं.
विमानाकडे पाहिलंच नाही.
तिरप्या उन्हात फोटो काढणाऱ्याची सावली
मिठावरून सरपटत हौसाच्या पायांपर्यंत पोचली होती,
कोपरं बाहेर, हात छातीशी,
टोपीचे पट्टे कानांवरून सुटलेले.
इतका वेळ मी ती पाहिलीच नव्हती.
सावल्यांना इंजिन नसतं.

मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं:
लेपर्ड मॉथ. तेहेतीस किंवा त्यानंतर.

"त्यानंतर म्हणजे कधीपर्यंत?"

तिला ते विमान सोडून
दुसरंच काही विचारायचं होतं.
मी हरभऱ्यांची वाटी पुढे सरकवली.
तिने चार दाणे घेतले, खाल्ले नाहीत,
मुठीत धरून जिना उतरली.