विषम तारखा

तीन जणांनी भाव दिले.
पहिला गाडीतून उतरलाच नाही,
काच खाली करून लॉनकडे पाहिलं
आणि साडेसहा हजार म्हणाला.
दुसऱ्याचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत
की मी त्यावर चहाचा कप ठेवला.
तिसरा आर्चुलेटा.
तो आधी गुडघ्यावर बसला,
गवतात स्क्रूड्रायव्हर खुपसला,
बाहेर काढून अंगठ्याने पुसला
आणि माझ्याशी नव्हे, मातीशी बोलावं तसं म्हणाला,
"चिकण आहे. हिला हळूहळू पाजावं लागेल."

नवऱ्याने विचारलं, लायसन्स पाहिलंस का?
पाहिलं. इन्शुरन्सही पाहिला.
पण खरं सांगायचं तर
स्क्रूड्रायव्हर पाहिला.

मंगळवारी लॉनभर झेंडे उगवले.
पिवळे गॅसचे, लाल विजेचे,
निळे पाण्याचे, केबलचे नारिंगी.
शेजारच्या ट्वीडीबाई विचारून गेल्या, वाढदिवस कुणाचा?
लाँगमाँटच्या या घरात अकरा वर्षं झाली,
पायाखाली एवढी रहदारी आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी दुपारी मशीन मध्येच थांबलं.
चरात वाकून उभा आर्चुलेटा,
हातात काळा पाइप,
पाइपाला हिरवट पडलेलं पितळी तोंड.
आमच्याआधी कुणीतरी हे सगळं केलं होतं एकदा,
आणि विसरून, किंवा रागावून,
गवत पेरून टाकलं होतं वरून.
"मी हे बघितलंच नाही, असं करता आलं असतं,"
तो म्हणाला.
पॅडवरचा आकडा खोडला,
नऊशे चाळीस कमी लिहिले
आणि जुन्या लाइनला गेज लावून
अर्धा तास तिच्याशेजारी बसून राहिला,
तापात असलेल्या पोराजवळ बसतात तसा.

त्या अर्ध्या तासात कळलं ते एवढंच:
दक्षिणेला सान लुइस खोऱ्यात त्याचा आजा
गावच्या पाटाचा कारभारी होता.
कुणाच्या शेताला किती तास, शब्द त्याचा.
"लोक रविवारी चर्चमध्ये त्याचा हात हातात घ्यायचे
आणि रात्री फळी उचलायचे."

मी सांगितलं नाही की आमचे अण्णा पाटकरी,
प्रवरेच्या उजव्या कालव्यावर.
पाळीपत्रक सदऱ्याच्या खिशात,
घामाने अक्षरं फुटलेली.
मध्यरात्री ओट्याशी कुणीतरी ओरडायचं,
अण्णा, माझं बारं तोडलं हो!
आणि अण्णा कंदील नाही, आधी वही शोधायचे.
मी फक्त विचारलं, चहात आलं चालेल का.
चाललं.

आता गॅरेजच्या भिंतीवर कंट्रोलर आहे.
पाच झोन. आकडे माझ्या डोक्यात बसेनात,
म्हणून खाली चिकटपट्टीवर लिहिलं:
पुढचं, कडेचं, गुलाबाचं,
ट्वीडीबाईंकडचं, उतार.
घर क्रमांक ४४१७, म्हणून विषम तारखा,
पहाटे चार ते सहा. गावाचा नियम.
एकतीसनंतर लगेच एक आली तर?
पत्रकात याचं उत्तर नाही.
अण्णांनी पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

पहिल्या रात्री झोप लागली नाही.
चारला भिंतीत टक् झालं,
मग गवतातून माना वर आल्या, फिरू लागल्या.
पुढचं झालं. कडेचं झालं. गुलाबाचं, ट्वीडीबाईंचं.
उताराची पाळी आली तेव्हा खिडकीतून दिसलं,
एक तोंड खुशाल रस्त्याला पाणी पाजतंय.

गाऊनवर नवऱ्याचं जॅकेट, हातात टॉर्च, अनवाणी.
बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर आला.
वाकून तोंड आत वळवलं,
बाहीतून पाणी कोपरापर्यंत गेलं, गार.
आर्चुलेटाला सांगायला हवं. उद्या सांगेन.
आज सत्तावीस. पुढची पाळी एकोणतीसला.

टॉर्च बंद केला
आणि दारं धरायला उभं राहावं तशी
उभी राहिले,
उतार भिजेपर्यंत.