जागा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सर्व्हर म्हणाला, जागा उरलेली नाही.

ऐरोली, चौथा मजला.
एसी असा की लग्नातली शाल मी खुर्चीवरच ठेवते.
काचेपलीकडे तीनशे हिरवे दिवे
आणि एक लाल.

कुरियन सरांना फोन लावला.
झोपेतच म्हणाले, आहे एक कमांड. छोटीशी.
नाव आत्ता येत नाही तोंडात.
नाव माहीत नसेल तर कामावरून शोध.
आणि पुन्हा झोपले, फोन न ठेवता.

त्यांचं घोरणं स्पीकरवर घेऊन मी बसले.

मदत मशीनच्या पोटातच असते.
एक शब्द द्यायचा, ती ओळी देते:
डावीकडे नाव, उजवीकडे त्याचं काम.
आमच्या दिवागावात कुरिअरवाला असाच शोधतो.
घर नंबर कुणालाच ठाऊक नसतो.
ते जाळी शिवणारे,
ती जिन्यावरून पडलेली, आता बरी आहे ती,
आणि टपरीवरचे चार जण
चार गल्ल्या दाखवतात.

मी लिहिलं, भरलेलं. इंग्रजीत अर्थात.
एकशे बारा ओळी.
परिच्छेद कडेपर्यंत भरून काढणारी एक निघाली.
मोठं, असं लिहिलं.
तर अक्षरं मोठी करून छापणारी आली, बॅनरसाठी.
मग लिहिलं, खाल्लं,
कारण घरात आम्ही तसंच विचारतो,
जागा खाल्ली कुणी?

उत्तर आलं: योग्य असे काही नाही.

इतक्या सभ्यपणे मला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.
बाबांना तर नाहीच.
साडेबारा टक्क्यांच्या फाइलमागे ते अकरा वर्षं
बेलापूरच्या खिडकीपाशी उभे राहून
एकच शब्द सांगत होते, माझी जागा.
जागा म्हणजे काय, काका?
एका दुपारी झेरॉक्सवाला पोरगा कानाशी लागला,
फेरफार म्हणा. नुसतं फेरफार.
बाबा म्हणाले
आणि ड्रॉवर उघडला.

तर माझा शब्द नको, तिचा हवा.
तिचा शब्द काय असेल?
फार वेळ लागला हे सुचायला,
एरर तर तोच शब्द घेऊन आली होती.

जागा.

रिकाम्या जागांचे टॅब करणारी.
नावांच्या जागा मोजणारी, ती अजूनही मला कळत नाही.
आणि त्यांच्या मध्ये, अंग चोरून,
दोन अक्षरं. डी, यू.
काम: फायलींनी किती जागा वापरली, त्याचा अंदाज.

रोज पाहत होते की हिला,
कुरियन सरांच्या बोटांत.
लिफ्टमधल्या बाईंसारखी,
ओळख आहे, नाव कधी विचारलं नाही.

चालवली. एक एक कप्पा उघडत खाली गेले.
तळाशी एक लॉग फाइल, दिवाळीपासून फुगलेली,
दर सेकंदाला तीच ओळ लिहिणारी:
सर्व ठीक आहे.
सर्व ठीक आहे.
सर्व ठीक आहे.
तेवढ्यानेच भरलं होतं सगळं.

रिकामी केली. लाल दिवा हिरवा झाला.
सर, झालं, म्हटलं.
पलीकडून घोरणं.

चारला बाबांचा फोन येतो. भरतीच्या वेळा
अंगातून गेल्या नाहीत त्यांच्या.
जागी हाय का गो?
जागीच आहे.
मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
आपलं शेत नेमकं कुठे होतं?

तू बसलीस तिकरंच कुठंतरी.
बांदाला नाव व्हता.
थांबले.
नाव आठवं नाय.

मी म्हटलं, राहू दे नाव. काम सांगा.

काम?
खारीचा पानी अरवाचा, दुसरा काय.