दीड वीत नळी

आठवडाभर मी चोवीस इंची पाईप जोडतो
सोहारच्या रिफायनरीत.
एकेका सांध्याला तीन सह्या,
आणि वर एक्स-रे.
माझ्या छातीचा इथं येताना एकदाच काढला होता.

शुक्रवारी परकार आपली सायकल
कॅम्पच्या मागच्या भिंतीला टेकवतो
आणि माझी खरी परीक्षा सुरू होते.

सायकल चिनी. मोटर ऐंशी सीसीची म्हणून विकलेली,
खरी किती ते मोटरलाच ठाऊक.
टाकी दांड्यावर, सोललेल्या नारळाएवढी.
हिच्यावर बसून दापोलीचा इस्माईल परकार
पहाटे तीनला बेकरीतून खुबूस घेऊन निघतो,
सनैयाच्या गल्ल्यांतून, बंदराच्या फाटकापर्यंत.

पहिली नळी मीच निवडली होती,
मासे पाळायच्या टाक्या विकणाऱ्याकडून.
काचेसारखी स्वच्छ, मीटरला दोनशे बैसा.
म्हटलं, आतलं दिसेल,
दिसलं की काळजी मिटली.
परकार खूश. तेल मिसळलेलं तांबूस पेट्रोल
उतरताना बघत उभा राहिला,
सलाइनकडे बघणाऱ्या नातेवाइकासारखा.

जूनमध्ये ती पिवळी पडली.
जुलैत कडक.
ऑगस्टात मोडली,
वाळलेली शेंग मोडते तशी, कट्.
साठ खुबूस परत आले त्या दिवशी.
गिऱ्हाइकं म्हणाली, वास मारतोय.
परकार मला काही बोलला नाही.
रोट्यांची चळत फक्त माझ्या खाटेवर ठेवली
आणि तोंड धुवायला गेला.

मग सिलिकॉनची आणली.
उकळत्या पाण्याला दाद देत नाही म्हणे.
पाण्याला नसेल देत.
पेट्रोलात ती रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगली
आणि क्लिपेतून अलगद सुटली.

शेवटी मुराद बलुचीच्या दुकानात गेलो.
त्यानं काळी, जाड, नायट्राइल रबराची नळी
काउंटरवर आपटली.
मी म्हटलं, यातून काही दिसत नाही.
तो म्हणाला, ‘देखना है, या चलाना है?’

पाच मिलीमीटर, आतून.
बाहेरचं माप कुणी सांगितलं तर ऐकू नये.
कात्री नको, कात्री तोंड चेमटवते.
नवं ब्लेड, आणि एकच सरळ काप.
टोक चहाच्या पाण्यात धरायचं, मऊ पडलं
की कॉकच्या बोंडीवर पिळत पिळत चढवायचं.
तेल लावायचं नाही. तेलानं चढते लवकर,
आणि तितक्याच लवकर उतरते.
गाळणीवरचा बाण कार्बोरेटरकडे.
सिलिंडरपासून चार बोटं लांब.

सगळ्यात अवघड म्हणजे लांबी.
मी आधी अगदी नेमकी कापली, सांध्यासारखी.
मोटर थरथरली आणि नळी ताणानं किंचाळायच्या बेतात.
मग सैल ठेवली, तर मध्ये उंचवटा आला,
त्या उंचवट्यावर एक बुडबुडा येऊन बसला
आणि हलेचना.
एवढं छेचाळीस डिग्रीचं ऊन, एवढी मोटर,
आणि हुकूम त्या बुडबुड्याचा.
पेट्रोलला ढकलणारं इथं कुणी नसतं, पंप नाही की काही नाही,
त्याला फक्त खाली जाता येतं.
तेवढी वाट मोकळी हवी.

तिसऱ्या कापाला जमलं. दीड वीत, वर नखभर.
परकारनं पॅडल मारलं.
काही नाही.
पुन्हा मारलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला.
मी नळी चाचपली, क्लिपा चाचपल्या, बाण बघितला,
आणि मग तो शांतपणे खाली वाकला
आणि टाकीचा कॉक उघडला.
चोवीस इंची फिटर, म्हणाला.
तेवढंच.

शनिवारी तीनला मला आपोआप जाग आली.
फट्फट् गल्लीतून गेली, पाण्याच्या टँकरपाशी वळली,
गोलचक्रापाशी बारीक झाली.
तुटली नाही. नुसती लांब गेली.

साडेपाचला दाराशी पिशवी होती,
आत दोन खुबूस, अजून गरम.
खाण्याआधी मी वास घेतला.
दोन्हींचा.
उलटून पुन्हा घेतला.

मैदा. थोडा धूर.